आम्ही गाडीत बसतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना वेगळा नमस्कार; तुझ्यातलाच अर्धा त्यांना देऊ नकोस, मागच्या खेपेला त्यांनी तशी तक्रार केली होती. तुझ्या पायाची सूज उतरली का? दाजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्याइतपत ठीक आहोत. माझं पोट जसं होतं तसंच आहे. तुझी भावजय मजेत आहे. गेला आठवडाभर तर ती गरजेपेक्षा जास्तच मजेत आहे. त्याचं कारण पुढे येईल आणि ते वाचताना तू हसू नयेस अशी माझी आगाऊ विनंती आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण दादाचा विषय निघाला की तू फोनवर "त्याला म्हणावं जपून राहा" एवढंच बोलतेस आणि ठेवून देतेस. शिवाय फोन या वस्तूवरून माझा विश्वास सध्या उडालेला आहे.

दादाचं मात्र ठीक नाही. त्याचे डोळे चालले आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मधलं दिसणं आधी जाईल, कडेचं बराच काळ राहील. म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा दिसणार नाही, कान दिसतील. (मला तो हल्ली कानांवरूनच ओळखतो. माझे कान हे ओळखण्यासारखे आहेत असं तू लहानपणी म्हणायचीस, ते असं उपयोगी पडलं.) औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही, तेव्हा जे काही बघायचं असेल ते लवकर बघून घ्या, असं त्या म्हणाल्या. दादाने चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हा एखादं तीर्थस्थान काढणार. तो म्हणाला, "तळ्याचं वळण. गाडीतून. टप उघडा टाकून. एकदा." मी तिथल्या तिथे म्हणालो, त्यात काय! ताई, "त्यात काय" हे दोन शब्द माणसाने दवाखान्यात कधीही उच्चारू नयेत.

कारण गाडीचा विमा संपलेला आहे. इतकी वर्षं जी कंपनी निमूटपणे हप्ता घेत होती तिने कळवलं की एवढ्या जुन्या गाड्यांचा विमा आम्ही आता उतरवत नाही, आपल्या दीर्घ सहवासाबद्दल आभारी आहोत. (निवृत्तीच्या दिवशी आमच्या छापखान्याने मला दिलेल्या पत्रात हेच वाक्य होतं. तेव्हाही "दीर्घ" पहिली वेलांटी देऊन छापलं होतं आणि ते मीच दुरुस्त करून परत दिलं होतं.) विम्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही, आणि दादा कायद्याच्या बाबतीत कसा आहे ते तुला ठाऊक आहे, डोळ्यांमुळे लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही त्या दिवसापासून त्याने फाटकाच्या आतसुद्धा गाडी सुरू करून हलवलेली नाही. महिन्यातून एकदा इंजिन जागच्या जागी तापवतो, तेवढंच.

गाडी तुला आठवते का, असं विचारायला मी काही खुळा नाही. पण गेल्या महिन्याभरात विम्याच्या लोकांना सांगून सांगून तिचं वर्णन मला तोंडपाठ झालं आहे: लाल, दोन दारांची, दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. जगातल्या सगळ्या गाड्यांत माणूस चढतो. हिच्यात बसायचं तर खाली उतरावं लागतं आणि उतरायचं तर वर चढावं लागतं. घरात आठ माणसं असताना दोन माणसांची गाडी आणणारा दादा हा आपल्या घराण्यातला पहिला आणि शेवटचा चैनी माणूस. बाबा म्हणाले होते की बाकीच्या सहांनी काय मागून पळत यायचं? तेवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला आणि पुढे गुपचूप पहिली फेरी स्वतःच मारून आले.

तर अशी ही गाडी आता मागच्या शेडमध्ये उभी असते आणि दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिच्यात बसतो. लायसन्स गेलं तेव्हा दादा जेवेनासा झाला होता, म्हणून ही युक्ती मीच काढली. तो चाकामागे, मी शेजारी. तो गिअर टाकतो, वळणं घेतो, आणि समोर भिंतीला टेकवलेल्या जुन्या टायरांकडे बघत तळ्यापर्यंत जाऊन येतो. (तोंडाने आवाज काढत नाही, तसा गैरसमज नको. इंजिनचा आवाज त्याला ऐकू येतो, मला येत नाही, इतकंच.) एकदा त्याने असा ब्रेक दाबला की माझे दोन्ही हात पुढे गेले. काय झालं विचारलं तर म्हणाला, कुत्रं आडवं आलं. आणि खोटं कशाला बोलू, मी मागे वळून बघितलं. मधेच तुझी भावजय चहा आणि खारे दाणे आणून देते. अंधार पडला की मी त्याला काखेत धरून वर ओढून काढतो. खारे दाणे ध्यानात ठेव, पुढे त्यांचा संबंध आहे.

विम्यासाठी मी आधी शेजारच्या काकूंचे जावई गाठले. ते विम्याचंच काम करतात, आणि सासुरवाडीला आले की गल्लीतल्या प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी करतात, ती काही निव्वळ प्रेमापोटी नव्हे. त्यांनी चार ठिकाणी विचारून एक आकडा आणला. तो ऐकून मी त्यांना चहा विचारायचं विसरलो. गाडी विकली तर जेवढे येतील त्याहून हप्ता मोठा. नाकापेक्षा मोती जड! कारण काय, तर एक म्हणजे गाडी म्हातारी आहे आणि दुसरं म्हणजे ती पळणारी आहे. म्हातारी म्हणून एकदा पैसे आणि पळते म्हणून पुन्हा पैसे. मी त्यांना शांतपणे म्हटलं की जावईबापू, दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. मी स्वतः म्हातारा आहे, मला पळण्याबद्दल कुणी जास्त पैसे लावलेले नाहीत. ते म्हणाले, नियम आहे. "त्यापेक्षा भंगारात द्या," असंही ते हळूच म्हणाले. दादा दारातच उभा होता. त्याने जावईबापूंकडे, म्हणजे त्यांच्या कानांकडे, असं बघितलं की ते उरलेलं बोलणं चपला घालता घालता बोलले.

मग मी स्वतःच फोन करायला बसलो. बहुतेक ठिकाणी गाडीचं वय सांगितलं की पलीकडून हसू यायचं. शेवटी जुन्या गाड्यांचे विमे उतरवणारी एक कंपनी सापडली. तिथली बाई फार सभ्य होती. नाव, पत्ता, रंग सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं की गाडीचा वापर काय? आता मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, लोकांच्या चुकीच्या शब्दांवर रेघा मारल्या. मी मोघम उत्तर देणाऱ्यांतला नाही. मी खरं ते सांगितलं. पुढचा संवाद तुला जसाच्या तसा लिहितो, कारण माझ्याकडून त्यात एकही शब्द चुकलेला नव्हता, हे तुझ्या लक्षात यावं.

"आम्ही गाडीत बसतो," मी म्हणालो.

"म्हणजे... गाडीतच बसता?"

"हो. मी आणि मोठा भाऊ. दर रविवारी."

"आणि मग गाडी चालवता?"

"छे हो! बसल्यावर कुठली चालवणार? भावाला तर नंतर धड उठताही येत नाही. काखेत धरून बाहेर काढावं लागतं."

"कधीपासून चाललंय हे?"

"त्याचं लायसन्स गेलं तेव्हापासून. त्याला रोज बसावंसं वाटतं, मीच आठवड्यातून एकदावर आणून ठेवलंय."

"घरात माहीत आहे का?"

"माझी बायकोच खारे दाणे आणून देते ना."

मग ती बाई एकदम माझ्या लेकीच्या आवाजात बोलायला लागली. म्हणाली, काका, विम्याचं आपण नंतर बघू; आधी मी एक नंबर देते तिथे बोला, फार चांगली माणसं आहेत, अगदी विनामूल्य असतं. विनामूल्य म्हटल्यावर मी तो नंबर उतरवून घेतला. मला वाटलं, जुन्या गाड्यांना सवलत देणारं त्यांचं दुसरं खातं असेल. तिथला माणूस तर त्याहून प्रेमळ. फोन लागल्या लागल्या त्याने माझं अभिनंदन केलं, म्हणाला, पहिला फोन करणं हेच सगळ्यात अवघड असतं. मला ते अगदी पटलं. मग त्याने विचारलं, किती लागतं? मी म्हटलं, महिन्याला लिटरभर पुरतं, तेही नुसतं गरम व्हायला. सोडायची इच्छा आहे का? मी म्हटलं, मुळीच नाही, सोडायची असती तर केव्हाच भंगारवाल्याला दिली नसती का? तो म्हणाला, राग येणं स्वाभाविक आहे, तुम्ही भावाला घेऊन मंगळवारी या, आम्ही इथे सगळे गोल करून बसतो. तेव्हा माझ्या मनात प्रामाणिकपणे असं आलं की यांची गाडी आपल्यापेक्षा बरीच मोठी असणार.

हे सगळं मी जेवताना तुझ्या भावजयीला सांगितलं. ती आधी घास हातात धरून बघत राहिली. मग तिने मला "बसणे" या क्रियापदाचा दुसरा अर्थ सांगितला आणि हसता हसता पोट धरून खाली बसली. (इथे शब्दशः अर्थ घ्यावा.) ताई, तुला तो अर्थ ठाऊक होता का? दादाला ठाऊक होता! तो म्हणाला, सगळ्या जगाला ठाऊक आहे. मग शब्दांवर पोट भरणाऱ्या मला एकट्यालाच तो कसा कुणी सांगितला नाही? आमच्या छापखान्यातली माणसं दर महिन्याच्या शेवटी "आज बसू या" म्हणायची आणि मी दर वेळी "मला उभं राहायची सवय आहे" असं सांगून घरी यायचो. त्यांचे तेव्हाचे चेहरे मला आता आठवतात. ज्याने बसायचंही नाही आणि उभंही राहायचं नाही अशा माणसासारखं मला गेला आठवडाभर वाटतं आहे. ही तर येता जाता विचारते, "दाणे आणू का?"

असो. मी त्या सभ्य बाईला पुन्हा फोन केला आणि खुलासा केला. लायसन्स का गेलं, डोळ्यांचं काय, तळ्याचं वळण काय, सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, वर्षातून मोजक्या दिवशी निघणारी, शेडमध्ये राहणारी, इतकी सांभाळलेली गाडी असेल तर आमच्याकडे हप्ता अगदी आवाक्यातला बसतो. (बसतो!) फक्त चालवणाऱ्याची एक अट होती, तिचं बरंचसं जमत आलं आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. गाडी बघायला त्यांचा तपासनीसही येऊन गेला. अबोल माणूस. गाडीखाली घुसला, वर आला, दारं उघडली, मिटली. मग टपाच्या कापडावर हात फिरवत राहिला आणि म्हणाला की इतकी एकसारखी शिवण त्याने दुकानातल्या टपावरही बघितलेली नाही, कुठून करून घेतली?

ताई, तुला हे कुणी सांगितलेलं नाही, मीसुद्धा नाही, कारण सांगू नको अशी मला ताकीद होती. तू गाडी चालवायला मागितलीस तेव्हा दादा तुला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ही गाडी आहे, शिवणयंत्र नव्हे." तू जाऊन मोठ्या गाड्यांचं लायसन्स काढलंस, शाळेची बस चालवायला घेतलीस, आणि पहिल्या पगारातून त्याला शिवणयंत्र पाठवून दिलंस. त्यानंतर तू या घरी किती वेळा आलीस, पण शेडकडे एकदाही फिरकली नाहीस. ते यंत्र वर्षभर खोक्यातच होतं. मग एका वादळात टप फाटला. शिंपी म्हणाला, हे असलं जाड कापड माझ्याच्याने व्हायचं नाही. दादाने खोकं उघडलं. आधी आमच्या उशांचे अभ्रे बिघडवले, मग पडदे, आणि असा हात बसवला. (या क्रियापदाने माझा छळ मांडला आहे.) तेव्हापासून त्या टपाचा प्रत्येक टाका दादाने तुझ्या यंत्रावर घातलेला आहे. तपासनिसाने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मशीन बहिणीनं दिलंय. चांगलं आहे." मग त्याने टप मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला आणि आत निघून गेला.

तर इकडची हकीकत ही अशी आहे. तुला काळजी लागू नये म्हणून केवळ माहितीदाखल कळवली. तुझ्याकडून काहीएक अपेक्षा नाही. पायाला जप, संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवत जा, आणि दाजींना आडवं पडून पुस्तक वाचू देऊ नकोस. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांना जे हवं असेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. चालवणाऱ्याची अट वर राहून गेली, ती लिहितो. हप्ता कमी व्हायचा तर मुख्य चालक म्हणून एकाच माणसाचं नाव लागतं, आणि तो अनुभवी व कधीही अपघात न केलेला असावा लागतो. भाड्याचा चालक दादाला चालत नाही, मला सायकलपलीकडे काही येत नाही. त्या बाईने विचारलं, तुमच्या घरात असं कुणी नाही का? मी विचार करतो आहे तोवर, इतका वेळ पेपर उलटा धरून वाचणारा दादा मागून ओरडला, "अहो, आमची बहीण आहे की, भिंगरी! आमच्या घरात गाडी येते ती तिला एकटीला. आम्ही दोघं नुसते बसतो." ताई, त्या कंपनीत फोन लागल्या लागल्या सांगतात की हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. म्हणजे हे वाक्य आता कायमचं नोंदलेलं आहे, त्याला नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. तेव्हा लायसन्सची झेरॉक्स तेवढी पाठव. नुसतं नाव लागतंय, तू यायची तसदी घेऊ नकोस.

ता. क. २. तुझ्या भावजयीने वरचं वाचलं. ती म्हणते, नाव एकाचं आणि चालवणार दुसरा ही फसवणूक झाली, आणि इथे तर दुसरा कुणी नाहीच. तेव्हा मागच्या मजकुरातलं शेवटचं वाक्य रद्द समजावं. (जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी खोडल्या, स्वतःची खोडायला हात धजत नाही.) तर तू ये. परवा शेडमध्ये दादाने मला विचारलं, गाडी अजून लालच आहे ना? मी हो म्हणालो आणि मला फार भीती वाटली. सूज उतरली नसेल तरी ये. क्लच हलका आहे.

ता. क. ३. हे पत्र मी लिहितो आहे हे दादाला कळलं. रागावेल असं वाटलं होतं. पण तो उठून शेडमध्ये गेला, आणि मला सीट सरकवल्याचा आवाज आला. त्या सीटला त्याने आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही. गॅरेजवाल्यालासुद्धा तो गुडघे दुमडून चालवायला लावायचा. ती त्याने पार पुढे घेतली आहे, तुझ्या उंचीला, अंदाजाने. आता तिथे आम्हा दोघांपैकी कुणाचेच पाय मावत नाहीत. त्यामुळे काल रविवारी दादा आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसला आणि मी दाराशी उभा राहिलो. मी म्हटलं, ताई येईपर्यंत घेऊ का सीट मागे? तो समोर बघत म्हणाला, "राहू दे. चालवणारी यायची आहे."